जाऊ का जी?

रामाकोन्याच्या भिवाजीइतका रीतीभातीचा माणूस सौंसर तहसिलीत दुसरा नव्हता, आणि तेच त्याला भोवलं.

कुणाच्या ओट्यावर बसायचं तर विचारून, उठायचं तर विचारून. बिडी पेटवायला कुणी काडी दिली तर विझलेली काडी परत नेऊन द्यायचा. वाटेत म्हैस आडवी उभी असली तर "सरकतं का माय?" म्हणून थांबायचा, आणि म्हशीला जेव्हा वाटेल तेव्हा सरकेपर्यंत उभा राहायचा. त्याची बायको विजयमाला तर चारचौघींत सांगायची, "आमच्या लग्नात अंतरपाट काढल्यावर यायनं मले काय इचारलं म्हाईत हाय? म्हने, 'पाहू का?' मांडवातले लोक आजून हासून राहिले."

भिवाजीचा संत्र्याचा बगीचा गावाबाहेर नाल्याच्या काठाला. झाडं अशी की पाहत राहावं, पण बगीच्याला रस्ता नाही. मागं नाला, दोन्ही अंगांना लोकांची कुंपणं. रोडवर यायचं तर यशवंतरावाच्या वावरातूनच. भिवाजीच्या बापाची गाडी तिथूनच जायची आणि पुढं भिवाजीचीही. वावराच्या कोपऱ्यावर एक बोर होती. तिच्याखाली भिवाजी गाडी थांबवायचा, यशवंतरावाच्या झोपडीकडं तोंड करायचा आणि हाक द्यायचा, "येसवंतराव, जाऊ का जी?"

आतून आवाज यायचा, "जाय ना, भिवा!"

मगच गाडी हलायची. रोजचं होतं हे, जाताना एकदा आणि येताना एकदा. यशवंतराव जेवत असला तर घास गिळून सांगायचा, आंघोळ करत असला तर तोंडावरचा साबण पुसून सांगायचा. भिवाजीचे दोन बैल, एकाचं नाव कारभारी आणि दुसऱ्याचं मुनीम, या कवायतीत इतके मुरले होते की बोर आली की आपणहून थांबत आणि "जाय ना" ऐकलं की आपणहून निघत. कासऱ्याला हात लावायचं काम नव्हतं. एकदा यशवंतरावाचा घसा बसला, तर बैल बोरीखाली उभेच्या उभे. भिवाजीनं चुचकारलं, ढकललं, हात जोडले. शेवटी यशवंतराव घोंगडी पांघरून स्वतः बाहेर आला, बैलांच्या कानाशी जाऊन पुटपुटला, तेव्हा कुठं गाडी पुढं सरकली.

असं सगळं छान चाललेलं. बिघडलं ते पोळ्यात.

पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले की झडत्या म्हणायची आपल्याकडं रीत. एकानं दोन ओळींचा टोमणा हाणायचा आणि बाकीच्यांनी 'हर हर महादेव' करून तो गावभर पोचवायचा. त्या वर्षी यशवंतरावानं पांढुर्ण्याच्या बाजारातून नवा बैल आणला होता. आणल्यापासून तो बैलापेक्षा जास्त ताठ मानेनं चालायचा. आणि तो बैल झूल, बेगड, गोंडे सगळं लेवून ऐन तोरणाखाली चक्क बसला. शेपूट पिरगाळलं. पुरणपोळी दाखवली. पुरणपोळी त्यानं बसूनच खाल्ली.

भिवाजीच्या डोक्यात झडती जुळली. पण विचारल्याशिवाय म्हणायची कशी?

"येसवंतराव, येक झडती म्हनू का जी?"

"म्हन ना, भिवा," यशवंतराव म्हणाला. त्याचं सगळं लक्ष शेपटात होतं.

भिवाजीनं म्हटली:

"वाटीत वाटी, वाटीत दही,
येसवंतरावाचा बैल म्हने, मी उठतच नाई!"

असा गलका झाला की बैल दचकून उठला आणि यशवंतराव मटकन खाली बसला. पुढं आठवडाभर पोरंसोरं यशवंतरावाला पाहिलं की "वाटीत वाटी" म्हणून पळायची. यशवंतरावानं भिवाजीशी बोलणं सोडलं. "मी इचारलं होतं ना," भिवाजी ज्याला त्याला सांगायचा, "म्हन म्हनाले म्हनून म्हटली." त्याला खरोखरच कळत नव्हतं की चुकलं कुठं.

मग यशवंतरावानं संत्र्याची नवी कलमं लावायला खड्डे खोदले. सगळे खड्डे दोरी लावून सरळ ओळीत. एकच खड्डा मात्र ओळीतून फुटून गाडीच्या चाकोरीच्या मधोमध आला. चांगला छातीइतका खोल. त्यावर पऱ्हाटीच्या काड्या होत्या आणि काड्यांवर गवत. "हवेनं आलं असन," असं यशवंतराव पुढं कोर्टात म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिवाजी पायीच बगीच्याकडं निघाला. बोलणं बंद असलं तरी जिभेला कोण सांगणार? बोरीखाली पाय थांबले, तोंड झोपडीकडं वळलं आणि हाक गेली, "येसवंतराव, जाऊ का जी?"

आत यशवंतराव भाकरीचा तुकडा मोडत होता. त्याच्याही जिभेला कुणी सांगितलं नव्हतं. "जाय ना, भिवा!" तो म्हणाला, आणि मग त्यानं जीभ चावली. पण शब्द बाहेर पडून वावरात पोचला होता.

भिवाजी झोपडीकडं पाहत, मान लववत चार पावलं गेला आणि दिसेनासा झाला.

थोड्या वेळानं जमिनीखालून आवाज आला, "येसवंतराव, वर येऊ का जी?"

या खेपेला उत्तर आलं नाही. यशवंतरावाची बायको केसरबाई तेवढी धावत आली आणि लुगड्याचा पदर खोचून, नवऱ्याच्या नावानं बोटं मोडत, तिनं गडीमाणसांकडून भिवाजीला वर काढलं.

पाय मोडला होता. सौंसरला नेऊन प्लास्टर घातलं. इकडं यशवंतरावानं बोरीपाशी काट्यांचं कुंपण घालून वाट बंदच केली. "पडाचं हाय तं आपल्या वावरात पड म्हना," असा निरोप धाडला.

त्या वर्षीचा बहार बायांच्या डोक्यावरून, टोपल्यांनी, नाल्यातून न्यावा लागला. दगडागोट्यांतून चालताना टोपल्या हिंदकळल्या, तळाची संत्री फुटली, बायांच्या पाठीवरून रस ओघळला आणि मागं गांधीलमाशांची वरात लागली. पांढुर्ण्याचा व्यापारी गुलाबशेठ रोडवर ट्रक घेऊन उभा होता. त्यानं टोपलीत डोकावून पाहिलं.

"भिवाजीभाऊ, मी संत्रा घेतो, शरबत नाई. औंदा जाऊ द्या. पुढच्या साली तुमची गाडी रोडपर्यंत येत असन तं बगीचा घेतो. नाई येत तं राहू द्या झाडावरच, पाखरं खातीन."

म्हणजे पुढच्या बहारापर्यंत वाट मोकळी व्हायला हवी होती. नाही तर बगीचा असून नसल्यासारखा. प्लास्टरचा पाय घेऊन भिवाजी सौंसरच्या कोर्टात गेला.

कोर्टाबाहेर निंबाखाली मोरेश्वर वकिलाचं टेबल. वकिलानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या घरची गाडी तिथून किती वर्षांपासून जाते?"

"बापाच्या टायमापासून. वीस सालाच्या तं वरच झाले."

"शाब्बास! वीस वर्षं उघडपणे, कुणी न अडवता, हक्कानं वापर केला की वाटेचा हक्क मिळतो. कायदाच आहे तसा. केस खिशात समजा." वकिलानं पेन उघडला. "फक्त एकच. कधी परवानगी तर नाही ना मागितली?"

भिवाजी अभिमानानं ताठ झाला. "रोज मागतो जी! जातानी येकदा, येतानी येकदा."

वकिलानं पेन बंद केला.

"कशाला?"

"आता वकीलसाहेब, दुसऱ्याचं वावर हाय. असं कसं घुसाचं?"

"घुसायलाच हवं होतं! विचारून गेलात म्हणजे ती त्याची मेहरबानी. मेहरबानी आज केली, उद्या बंद. छाती काढून, न विचारता गेला असता, तर आज तो हक्क झाला असता."

भिवाजीनं हे मनात दोनदा उलटंसुलटं करून पाहिलं. "म्हंजे मी वीस साल उद्धट राह्यलो असतो, तं वाट माही होती?"

"अगदी."

"आन् चांगला राह्यलो म्हनून नाई?"

"चांगुलपणावर कायद्यात कलम नाही, भिवाजीराव. तेव्हा कोर्टात सांगायचं, मी कधीच विचारलं नाही."

"आन् पाय?"

"पायाची केस वेगळी. तिथं उलट. तिथं सांगायचं, मी विचारलं, त्यानं 'जा' म्हटलं, म्हणून गेलो. माणसाला या म्हणून खड्ड्यात पाडलं तर भरपाई द्यावी लागते. न विचारता गेलात, तर तुम्ही घुसखोर. घुसखोराचा पाय घुसखोराच्या जबाबदारीवर मोडतो."

"म्हंजे वाटंसाठी मी इचारलं नाई, आन् पायासाठी इचारलं?"

"दोन वेगळ्या फायली, दोन वेगळ्या तारखा," वकील म्हणाला. "घोळ व्हायचं कारणच नाही."

तिकडं यशवंतरावानं दत्तात्रय वकील केला होता, आणि त्यानं यशवंतरावाला हेच धडे उलटे करून पढवले होते. वाटेच्या केसमध्ये म्हणायचं, रोज विचारायचा. पायाच्या केसमध्ये म्हणायचं, कधीच नाही. धडे इतके तंतोतंत जुळले याचं नवल नको. दोघे वकील राहायचे पांढुर्ण्याला आणि रोज एकाच लँब्रेटावर सौंसरला यायचे. कोर्टात एकमेकांचं तोंड पाहायचे नाहीत. संध्याकाळी एक किक मारायचा आणि दुसरा मागं बसून दोघांच्या काळ्या कोटांची घडी पोटाशी धरायचा.

मोरेश्वर वकिलाचा हुकूम होता की आतापासून सवय करा, कुणाला काही विचारू नका. भिवाजीनं मनावर घेतलं. एक दिवस तो न विचारता दोस्त तुळशीरामच्या ओट्यावर जाऊन बसला. तुळशीरामला वाटलं, याची तब्येत बिघडली. त्यानं पाणी आणून डोक्याला लावलं. घरी विजयमाला शिकवणी घ्यायची.

"म्हना, मी जातो, काय करतं ते करून घे!"

"मी जातो..." भिवाजी आवाज चढवायचा, "काय करतं ते... करशीन का जी?"

"मायबाई," विजयमाला कपाळाला हात लावायची. "वाट गेली आपली."

तारखेला रामाकोन्याहून सौंसरला जायचं ते छोट्या लायनीच्या रेल्वेगाडीनं. गाडीत बाकडी कमी. भिवाजी कुबडी टेकत चढला की नेमकी यशवंतरावासमोरची जागा रिकामी असायची. "बसू का जी?" त्याच्या तोंडून निघून जायचं. "बस ना," यशवंतराव म्हणायचा. मग दोघे शरमून दोन वेगवेगळ्या खिडक्यांतून सौंसरपर्यंत कपाशीची वावरं पाहत बसायचे.

अशा तारखांत वर्ष गेलं. कुबडी सुटली, पुढचा पोळा झाला, आणि झाडं पुन्हा लगडली. यंदा तर असा बहार की फांद्यांना बांबूचे टेकू द्यावे लागले. दिवाळी झाल्यावर गुलाबशेठ येऊन, नाल्यातून पँट वर करून, बगीचा पाहून गेला. "माल येक नंबर हाय, भिवाजीभाऊ. पुनवेपर्यंत पाहतो. नाई तं माहा ट्रक लोधीखेड्याले जाते."

त्याच सुमारास सौंसरला नवे जजसाहेब आले. अमरावतीच्या आजोळी वाढलेले, मराठी स्वच्छ बोलणारे, आणि कामाचे फार नेटके. जुन्या फायली उपसताना त्यांना दिसलं की भिवाजी आणि यशवंतराव दोन ठिकाणी आहेत. त्यांनी दोन्ही फायली एकाच दिवशी लावल्या: वाट सकाळी, पाय जेवणानंतर.

मोरेश्वर वकिलानं बोर्ड वाचला आणि दत्तात्रय वकिलाकडं पाहिलं. दत्तात्रय वकिलानं लँब्रेटाकडं पाहिलं. पण पळून जाता येत नव्हतं.

सकाळी भिवाजी पिंजऱ्यात उभा राहिला. शपथ झाली. मोरेश्वर वकील म्हणाला, "सांगा, तुम्ही यशवंतरावाच्या शेतातून कसे जात होता?"

भिवाजीनं साहेबांकडं पाहिलं. "साहेब, बोलू का जी?"

"बोला."

"मी..." त्याला घाम फुटला, "मी आजपावतर कोनाले काईच इचारलं नाई जी."

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. साहेबांनी नुसतं लिहून घेतलं.

मग साक्षीदार म्हणून तुळशीराम आला. तो भिवाजीचा जिवाभावाचा दोस्त. त्याला सांगितलेलं एवढंच की भिवाजीचं भलं होईल असं बोलायचं.

"वादी शेतातून बेधडक जायचा की नाही?" मोरेश्वर वकिलानं विचारलं.

"बेधडक?" तुळशीराम भडकला. "कोन म्हनते? साहेब, भिवाजीसारखा मानूस हुडकून सापडनार नाई. म्हशीलेबी इचारून पुढं जाते. बेधडक म्हने!"

मोरेश्वर वकिलानं डोळे वटारले. तुळशीरामला वाटलं, वकील खूश झाला. त्यानं अंतरपाटाची गोष्टही सांगून टाकली.

यशवंतरावाचं काम सोपं होतं. "साहेब, रोज इचारे. मी रोज म्हनो, जाय ना भिवा. जेवता जेवता म्हनो. येकदा तं घसा बसला होता, तरी बैलाइच्या कानात जाऊन म्हटलं." बोलता बोलता त्याचा आवाज जरा ओला झाला, तसं दत्तात्रय वकिलानं त्याला बसवलं.

जेवणाची सुट्टी झाली. जेवणानंतर तोच पिंजरा, तेच साहेब, दुसरी फाईल.

भिवाजी आता मोकळा वाटत होता. "मी इचारलं होतं जी, नेहमीसारखं. ते म्हनाले, जाय ना. म्हनून गेलो, आन् खड्ड्यात पडलो."

मग यशवंतराव. त्यानं दत्तात्रय वकिलाकडं एकदा पाहिलं आणि डोळे मिटून सांगून टाकलं, "खोटं हाय साहेब. यानं कधीच इचारलं नाई. चोरावानी घुसला."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सकाळचे कागद मागवले. शांतपणे वाचले.

"यशवंतराव, सकाळी तो रोज विचारायचा. आता तो कधीच विचारत नव्हता. मधे फक्त जेवण झालं. जेवणात काय होतं?"

"पिठलं, साहेब," यशवंतराव घाबरून म्हणाला.

"आणि भिवाजी, तुम्ही सकाळी उद्धट होता, दुपारी सज्जन झालात."

"दुपारचं खरं हाय जी," भिवाजीच्या तोंडून निघून गेलं.

मोरेश्वर वकिलानं डोकं धरलं. वाट गेली होती. भिवाजीच्याही ध्यानात आलं आणि त्याच्या डोळ्यांपुढं बांबूंवर टेकलेली ती सगळी झाडं आली. पुनव चार दिवसांवर होती.

पण साहेब नेटके. ते म्हणाले, "कागदावर दोघंही खोटं बोलताहेत आणि दोघंही खरं बोलताहेत. निकाल देण्याआधी मी स्वतः जागा पाहणार."

पुनवेच्या आदल्या दिवशी साहेब जीपनं आले. सोबत फाईल घेऊन रीडर, म्हणजे कोर्टाचा कारकून. मागून लँब्रेटावर दोघे वकील. बोरीपाशी निम्मं रामाकोना जमलेलं. काटे बाजूला काढले होते. पलीकडं भिवाजीच्या बगीच्यात झाडं पिवळीधमक होऊन वाकलेली, आणि रोडवर गुलाबशेठ, येता येता थांबलो असं दाखवत, बिडी ओढत उभा.

खड्डा होता तिथंच होता. दोन्ही वकिलांनी आपापल्या माणसाला बजावलं होतं की खड्ड्याला हात लावायचा नाही, तो पुरावा आहे. म्हणून वर्षभर कुणी तो बुजवला नाही. पावसाळ्यात त्याच्या काठानं गवत असं माजलं, आणि वाळून आडवं असं पडलं, की पुरावा होता त्यापेक्षाही चांगला झाकला गेला होता.

"खड्डा नंतर पाहू," साहेब म्हणाले. "आधी मला ते विचारणं आणि उत्तर देणं पाहायचं आहे. यशवंतराव, तुम्ही त्या दिवशी होता तसे झोपडीत जाऊन बसा. भिवाजी, तुम्ही बाजूला व्हा. समजा, मी भिवाजी."

"साहेब, येक सांगू का जी?" भिवाजी म्हणाला.

"मधे बोलायचं नाही."

भिवाजीला मधे बोलू नका म्हटल्यावर तो बोलणं शक्यच नव्हतं. साहेब बोरीखाली उभे राहिले, साक्षीत लिहिलं होतं तसं झोपडीकडं तोंड केलं, आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "यशवंतराव, जाऊ का जी?"

झोपडीतून, घास गिळण्याइतका वेळ जाऊन, उत्तर आलं, "जाय ना, भि... साहेब!"

साहेब नेटके. साक्षीप्रमाणे झोपडीकडं पाहत, साक्षीप्रमाणे मान लववत, चार पावलं चालले. आणि साक्षीप्रमाणेच दिसेनासे झाले.



मग खड्ड्यातून कोर्टाचा आवाज आला. "हा खड्डा कोणाचा?"

दत्तात्रय वकील वाऱ्यासारखा झोपडीत गेला आणि यशवंतरावाच्या कानाला लागला. यशवंतराव पांढराफटक होऊन बाहेर आला. वर्षभर जी वाट आपली म्हणून तो कोर्टात भांडला होता, तिच्याकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

"साहेब, खड्डा माहा नाई. तो भिवाजीच्या वाटंत हाय. वाट त्याची, तं खड्डा त्याचा. त्याची वाट त्याच्या बापापासून हाय. साऱ्या गावाले इचारा!"

"नाई नाई जी," भिवाजी सवयीनं बोलून गेला, "वाट येसवंतरावाची. मी तं नुसता इचारून जातो."

"अबे, तुही हाय!"

"असं कसं जी, तुमचं वावर—"

"घे म्हनतो ना, भिवा! वीस साल झाले, तुहीच हाय!"

मोरेश्वर वकील भिवाजीचा सदरा मागून ओढत होता. भिवाजी कोंडीत सापडला. आयुष्यभर ज्यासाठी हात जोडून उभा राहिला ती वाट त्याच्या पुढ्यात टाकली होती. पण ती घ्यायची तर खड्डा घ्यावा लागणार, आणि खड्ड्यात जजसाहेब होते. त्यानं बगीच्याकडं पाहिलं. रोडवर गुलाबशेठनं बिडी विझवली होती.

"घ्या!" गर्दीतून विजयमाला ओरडली. "अवो, साहेबासकट घ्या!"

भिवाजीनं मोठा श्वास घेतला. कुणाला काही न विचारता, छाती काढून, जन्मात पहिल्यांदा तो ओरडला, "हाव साहेब! वाट माही हाय! खड्डाबी माहा हाय! आन् खड्ड्यात जे काई हाय, तेबी माहंच हाय!"



"रीडर, आहात का?" साहेब खालून म्हणाले.

"आहे, साहेब."

"लिहा. प्रतिवादीनं सर्वांसमोर मान्य केलं की वाट वादीच्या हक्काची आहे. वादीनं मान्य केलं. तडजोडीनं निकाल."

रीडर खड्ड्याच्या काठाशी मांडी घालून लिहू लागला. मोरेश्वर वकिलाला राहवलं नाही. तो वाकून म्हणाला, "साहेब, आणि पायाच्या भरपाईचा दावा?"

"खड्डा आता भिवाजीचा आहे. आपल्याच खड्ड्यात पडल्याची भरपाई भिवाजी भिवाजीकडून मागणार का?"

"नाई जी," भिवाजी म्हणाला. "मी वळखतो त्याले. देनार नाई तो."

"तो दावा मागं घेतला, लिहा. आणि रीडर, न्यायालय पडलेलं नाही. न्यायालयानं खड्ड्याची आतून पाहणी केली. असंच लिहा. आता दोर टाका."

केसरबाई दोर घेऊन उभीच होती. तिला सवय होती.

साहेब वर आले, कोटावरचं गवत झटकलं आणि जाताना एवढंच म्हणाले, "दोघं मिळून आजच्या आज तो बुजवा." दोघांनी बुजवला. एकमेकांशी न बोलता, पण फावडं एकच होतं म्हणून पाळीपाळीनं.

पुनवेला सकाळी भिवाजीनं गाडी भरली. संत्र्याच्या पेट्यांची चळत, वर गवत, त्यावर विजयमाला नवं लुगडं नेसून बसलेली. रोडवर गुलाबशेठचा ट्रक मागची फळी पाडून उभा. भिवाजीच्या खिशात निकालाचा कागद, चौघडी घालून. आज विचारायचं नव्हतं. कायद्यानंच सांगितलं होतं.

बोरीखाली कारभारी थांबला, मुनीम थांबला.

"हो चाल," भिवाजी म्हणाला. बैल हलले नाहीत. कासरा ओढला, शेपट्यांना हात लावला. बैलांनी झोपडीकडं कान टवकारले आणि उभे राहिले.

झोपडीच्या दारात यशवंतराव न्याहारीला बसला होता. पितळीत भाकरी, समोर चटणी. तो आज अगदी सावकाश जेवत होता.

"येसवंतराव," भिवाजी अवघडून म्हणाला, "बैल चालून नाई राहिले."

"मंग कागद दाखव ना त्यायले," यशवंतराव म्हणाला. "तुही वाट हाय. मले काऊन इचारतं?"

"जा ना वो भाऊजी!" आतून केसरबाईनं ओरडून पाहिलं. बैलांनी तिच्याकडं पाहिलं आणि पुन्हा यशवंतरावाकडं मान वळवली. रोडवर ट्रकचा हॉर्न वाजला.

भिवाजी गाडीवरून उतरला. गवताखालच्या पेटीतून चांगलं मोठं, पातळ सालीचं संत्रं काढलं, झोपडीपर्यंत चालत गेला आणि यशवंतरावाच्या पितळीत भाकरीच्या शेजारी ठेवलं. मग पुन्हा चालत बोरीखाली आला, जागेवर उभा राहिला, आणि तोंड झोपडीकडं केलं.

"येसवंतराव, जाऊ का जी?"

यशवंतरावानं संत्रं सोललं. एक फोड तोंडात टाकली. चावली. गिळली. रस ओठावरून पुसला. सगळी गाडी, सगळा ट्रक आणि विजयमाला त्या एका फोडीसाठी थांबून राहिले. त्यानं दुसरी फोड उचलली, तोंडाशी नेली, आणि मग बैलांकडं पाहून त्याला हसू आवरेना.

"जाय ना, भिवा!"

कारभारी आणि मुनीम निघालेसुद्धा. भिवाजी गाडीमागं धावत होता.